दोरावरची माणसं

मे महिना सरत आला की मिरजोळ्यात दोन कामांची एकदमच घाई उडते. कलमांवरचा उरलासुरला आंबा उतरवायचा आणि औद्योगिक वसाहतीतल्या शेडांचे पत्रे पावसाआधी नीट करून घ्यायचे. दोन्ही कामं उंचावरची. कोणी पडला की आपण म्हणतो, "त्याचं नशीब!" इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे काही पटत नाही.

बोरघाटाचंच पाहा. 1856 ते 1863 या काळात तिथं लोहमार्ग बांधला गेला. पंधराएक मैलांत 1,831 फुटांची चढण! कडे असे ताठ, की पाऊल टेकायला जागा नाही. मग मजुरांना माथ्यावरून दोरानं खाली सोडीत, आणि अधांतरी लोंबकळत ते सुरुंगाची भोकं पाडीत. 1861 साली तिथं चाळीस हजारांवर माणसं राबत होती. कंत्राटदार ट्रेडवेल 1859 साली वारला, त्याची पत्नी अ‍ॅलिस हिनं काम पुढं चालवलं, हे पुस्तकांत सापडतं. दोरावरल्या माणसाचं नाव मात्र सापडत नाही.

आता आपल्याच तालुक्यातला पानवलचा पूल घ्या. कोकण रेल्वेचा, 424 मीटर लांब, 64 मीटर उंच. एवढ्या उंचीवर परांची बांधून गाळा भरायचा म्हणजे किती जीव टांगणीला! इथं युक्ती वेगळी केली. पुलाचा एकेक तुकडा दरीच्या काठावर, जमिनीवरच ओतायचा आणि जॅक लावून खांबांवरून पुढं ढकलायचा. भारतात ही रीत प्रथम इथंच वापरली. खांब उभारायला माणसं वर गेलीच म्हणा. पण बरंचसं काम खाली आलं.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा नूतन झेला आपल्याकडे पुष्कळांनी हाताळला असेल. त्याचं पातं देठ राखून फळ कापतं, आंबा जाळीत पडतो, चीक ओघळत नाही. हेतू फळ राखण्याचा. पण ठिसूळ फांदीवर चढणंही त्यानं कमी झालं!

पत्र्यांचं काम मात्र खाली आणता येत नाही. सिमेंटचा जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पायाखाली काचेसारखा फुटतो. त्यावर थेट पाय देऊ नये. आधी फळ्यांची शिडी आडवी टाकावी, सगळ्या अंगाला बसणारा सुरक्षा पट्टा वरच्या तुळईला बांधावा, पत्र्याला नव्हे. एवढं होईपर्यंत मुकादम ओरडत राहिला, तर ओरडू द्यावा.