टू-स्ट्रोक डिझेलचे मिस्त्री : एका हरवत्या विद्येचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानाला श्रोत्यांनी यावे आणि वक्त्याने बसगाडीचे इंजिन पुढे मांडावे, हा प्रकार काहींना चमत्कारिक वाटेल. राजे, तह आणि लढाया यांच्या हकीकती ऐकण्याची आपल्या कानांना सवय. यंत्रांचा इतिहास आपण लिहितोच, तर तो शोध लावणाऱ्याचा लिहितो. ते यंत्र पन्नास वर्षे चालते ठेवणाऱ्या मिस्त्र्याचे नाव त्यात येत नाही, आणि त्याची विद्या कोठून आली व कोठे गेली याची चौकशीही कोणी करीत नाही. आज ती चौकशी करण्याचा आमचा विचार आहे.

प्रारंभ एका गाडीपासून करू. १ डिसेंबर १९५५ रोजी अमेरिकेतील माँटगोमरी शहरात रोझा पार्क्स यांनी गोऱ्या उतारूसाठी आपली जागा सोडण्याचे नाकारले, हे आपण सर्व जाणतो. ज्या बसमध्ये हे घडले तिचा क्रमांक २८५७. जनरल मोटर्सने १९४८ साली बांधलेली, टीडीएच-३६१० जातीची ती गाडी. १९७१च्या सुमारास ती सेवेतून काढली गेली आणि पुढे सुमारे तीस वर्षे एका शेतात गंजत उभी राहिली. २००१ साली हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती लिलावात ४,९२,००० डॉलरांना घेतली व दुरुस्त करून २००३ साली लोकांपुढे मांडली. पत्रा, रंग, काचा, बैठका यांसाठी कारागीर कोठेही मिळतात. पण त्या जातीच्या नावातला 'डी' हा डिझेलचा आहे, आणि ते डिझेल आजच्या बसगाडीचे डिझेल नव्हे. त्या काळच्या शेकडो गाड्या आज संग्रहालयांत आणि हौशी लोकांच्या अंगणांत उभ्या आहेत. त्यांतली कोणती चालेल आणि कोणती नुसती पाहावयाची राहील, हे पैशापेक्षा मिस्त्री मिळण्यावर अवलंबून आहे.

या इंजिनात वेगळे काय, ते आधी सांगितले पाहिजे. आपल्या एस.टी.च्या गाडीचे इंजिन फोर-स्ट्रोक असते. पिस्टन चार वेळा खालीवर होतो तेव्हा एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन खाली येण्याची प्रत्येक खेप कामाची. आता हवा आत घेण्याला स्वतंत्र खेपच उरत नाही, तेव्हा ती बाहेरून कोंबावी लागते. त्यासाठी इंजिनाच्या कुशीला एक ब्लोअर बसवलेला असतो. एकमेकांत गुंतून फिरणारे दोन रोटर हवा ढकलतात, ती लायनरच्या भोकांतून सिलिंडरात शिरते आणि जळका धूर वरच्या वॉल्व्हमधून हाकलून देते. हा ब्लोअर रूट्स नावाच्या दोन बंधूंचा, इंडियाना प्रांतातला, १८६०चा. डिझेल इंजिनाचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे चार्ल्स केटरिंग. मोटारीचा सेल्फ-स्टार्टर ज्याने दिला तोच हा. त्याच्या हाताखाली जनरल मोटर्सच्या संशोधकांनी हलके, वेगवान टू-स्ट्रोक डिझेल सिद्ध केले आणि १९३३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ते सर्वांसमक्ष चालवून दाखवले. दिवसा इंजिन चाले, आणि रात्री प्रदर्शन मिटल्यावर ते उघडून दुरुस्त करीत बसावे लागे. केटरिंगचा मुलगा यूजीन त्या कामावर होता. पुढे तो गमतीने सांगे की, तेल मोजण्याच्या पट्टीने तेवढा त्रास दिल्याचे आपल्याला आठवत नाही. बाकी प्रत्येक भागाने दिला, हे त्यात आलेच. तथापि त्याच इंजिनावर भरवसा ठेवून बर्लिंग्टन रेल्वेने 'झेफर' ही गाडी केली आणि २६ मे १९३४ रोजी ती डेन्व्हरहून शिकागोला, हजारावर मैल, तेरा तास पाच मिनिटांत नेली. आमच्या मते या विद्येची पहिली शाळा म्हणजे त्या प्रदर्शनातील रात्रपाळ्या होत.

१९३८ साली या कुळाच्या दोन शाखा निघाल्या. एक थोरली, रेल्वे-इंजिनाची. दुसरी धाकटी, मोटारी, बस आणि नौका यांची. धाकटीचे नाव 'मालिका ७१', कारण प्रत्येक सिलिंडराचे माप ७१ घन इंच. तिची युक्ती अशी की सिलिंडर दोन असोत, चार असोत वा सहा, पिस्टन तोच, लायनर तोच, इंजेक्टरही त्याच घडणीचा. ब्लोअर डाव्या अंगाला बसवा की उजव्या, इंजिन सुलटे फिरवा की उलटे, सर्व सोय केलेली. कारखानदाराने हे आपल्या सोयीसाठी केले असेल, परंतु त्याचा लाभ मिस्त्र्याला झाला. एक इंजिन शिकला की त्याला सगळे गोत्र कळे.

लगेच युद्ध आले. शेरमन रणगाड्याच्या एका प्रकारात सहा सिलिंडरांची ही दोन इंजिने जोडीने बसवली, आणि असे दहा हजारांहून अधिक रणगाडे बांधले गेले. सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणाऱ्या हिगिन्स नौका वीस हजारांवर झाल्या, त्यांतील बहुसंख्य याच इंजिनावर चालल्या. नांगराचा ट्रॅक्टर तेवढा पाहिलेली खेड्यातली पोरे सैन्यात आली, त्यांना वर्गात बसवून, चित्रांची पुस्तके हाती देऊन, इंजिन खोलायला आणि जोडायला लावून तयार करण्यात आले. एवढ्या माणसांना एकाच यंत्राची विद्या एवढ्या थोड्या काळात शिकवल्याची उदाहरणे फार नाहीत. कोणी शिक्षणतज्ज्ञाने हे योजिले नव्हते, युद्धाच्या निकडीने ते घडवून आणले.

युद्ध संपल्यावर ही माणसे घरी आली, तो शहरांतील ट्रामगाड्या मोडीत निघत होत्या आणि त्यांच्या जागी डिझेलच्या बसगाड्या येत होत्या. इंजिन ओळखीचेच. बसच्या मागच्या पोटात आडवे टाकलेले, एवढाच फरक. जनरल मोटर्सची या धंद्यावरची पकड इतकी घट्ट झाली की १९५६ साली अमेरिकेच्या सरकारनेच कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला. तो १९६५ साली तडजोडीने मिटला, आणि कंपनीने आपली इंजिने इतर बस-कारखान्यांनाही विकावी असे ठरले. मक्तेदारीचे समर्थन आम्ही करीत नाही. पण इतिहास सांगताना हेही सांगितले पाहिजे की, तिच्यामुळे एका गावचा मिस्त्री दुसऱ्या गावी गेला तरी पहिल्याच दिवशी कामाला लागू शके.

मिस्त्र्यांची परीक्षा पाहणारी एक गाडी मात्र निघाली. ग्रेहाउंड कंपनीची दीडमजली 'सीनिक्रूझर', १९५४ ते १९५६ या काळात १,००१ बांधलेली. तिला चार-चार सिलिंडरांची दोन इंजिने एकत्र जोडली होती. जोडणी गुंतागुंतीची, आणि तीच वारंवार बिघडे. शेवटी १९६१-६२ मध्ये बहुतेक गाड्यांतून ती जोडी काढून आठ सिलिंडरांचे एकच नवे इंजिन घातले. दोन सुना एका चुलीवर, असा तो प्रकार.

आता या विद्येचे मर्म. पुस्तकात सर्व काही छापलेले आहे, ती पुस्तके आजही मिळतात, सुटे भागही मिळतात. मग अडते कोठे? इंजिन 'ट्यून' करण्यात. आधी टॅपेट लावायचे. मग इंजेक्टरची वेळ. इंजेक्टराच्या अंगात एक भोक असते, त्यात मापाची काडी उभी करतात. अनेक इंजेक्टरांना हे माप १.४६० इंच. काडीचे डोके फिरवताना इंजेक्टराच्या माथ्यावरचा तेलाचा पातळ थर ते पुसून घेईल, पण घासणार नाही, इतके ते लावायचे. त्यानंतर सर्व इंजेक्टरांचे दांडे एकाच नळीवर एकसारखे जुळवायचे. प्रत्येक दांडा स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबून सोडला की किंचित उसळून वर आला पाहिजे. उसळला नाही तर ढिला, फारच कडक लागला तर शेजारच्याचे बिघडवणार. हे 'उसळणे' पुस्तकात एका ओळीत संपते. ते बोटाला कळण्यासाठी, ज्याला ते कळले आहे अशा माणसाने शेजारी उभे राहून 'हे असे' म्हणावे लागते.

तीच गोष्ट कानाची. सहा सिलिंडरांचे हे इंजिन मिनिटाला २,१०० फेऱ्या घेते तेव्हा त्यात १२,६०० स्फोट होतात. तेवढ्याच सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोकमध्ये ६,३०० होतील. नव्या माणसाला वाटते, इंजिन फाजील रेस झाले. तो घाबरून वरचा गिअर टाकतो, आणि इंजिन खालच्या वेगात रडत-ओढत चालू लागते. तेच त्याला मानवत नाही. तेलाचेही असेच. आजच्या डिझेल गाडीत जे तेल सर्रास ओततात ते यास चालत नाही, एकाच श्रेणीचे, चाळीस नंबरचे, कमी राखेचे तेल लागते. आणि बाजूच्या नळ्यांतून थोडे तेल ठिबकायचेच. अमेरिकन मिस्त्र्यांत थट्टा अशी की, ज्या दिवशी ठिबकणे थांबेल त्या दिवशी तेल संपले असे समजावे.

ही विद्या बुडाली ती कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे. या इंजिनाचा धूर फार, त्याचा आवाज शहराला नकोसा. १९८७ साली त्याच कारखान्याने फोर-स्ट्रोकची नवी मालिका काढली, धुराविषयीचे नियम कडक झाले, आणि १९९०च्या दशकात रस्त्यावरच्या नव्या गाड्यांतून टू-स्ट्रोक डिझेल गेले. ते गेले हे बरेच झाले. शहरातल्या लेकरांच्या फुफ्फुसांहून जुने इंजिन थोर नाही. पण इंजिन बंद करण्याचा निर्णय झाला, तसा मिस्त्र्यांविषयी कसलाच निर्णय झाला नाही. ते एकेक करून निवृत्त झाले.

तेव्हा आज मिस्त्री शोधायचा तो कोठे? बसच्या आगारात नव्हे. आगारात तरुण मुले आहेत, ती संगणक लावून दोष वाचतात. या इंजिनाला वाचण्यासारखे काहीच नाही. आणि जुने आगारवालेही सगळे उपयोगी पडतात असे नाही, कारण मोठ्या आगारांत कामे वाटलेली असत, इंजेक्टरच्या टेबलावर उभा आयुष्य काढलेला माणूस सबंध इंजिन लावायला बिचकतो. शोधायचे ते बंदरात. मासेमारीच्या नौका आणि बंदरातील ओढनौका यांत ही इंजिने राहिली. शेतीच्या पंपांवर, जुन्या आगीच्या बंबांवर, विजेच्या जनित्रांवर काम केलेले लोक पाहायचे. सैन्यातून निवृत्त झालेले पाहायचे, कारण एम-१०९ ही चालती तोफ याच कुळातल्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर चालत आली. म्हणजे ज्या दोन दारांनी, नौका आणि सैन्य, ही विद्या बसकडे आली, त्याच दारांशी पुन्हा जाऊन उभे राहावे लागते. अशा माणसाने बस कधी उघडलेली नसली तरी चालते. आडवे बसवलेले इंजिन आणि कोनात वळवलेली गिअरपेटी समजायला त्याला फार वेळ लागत नाही.

थोरल्या शाखेचे काय झाले, हे येथे पाहण्यासारखे आहे, कारण ती आपल्या दारी आली. १९६२ साली भारतीय रेल्वेने या जातीची काही इंजिने आणली होती. पण वाराणसीच्या कारखान्यात आल्को कंपनीची फोर-स्ट्रोक इंजिने बनू लागली, पहिले १९६४च्या जानेवारीत बाहेर पडले, आणि टू-स्ट्रोक मागे पडले. १९९९ नंतर मात्र ते डब्ल्यूडीजी-४ या रूपाने परत आले. पुण्यात घोरपडीच्या शेडकडून येणारी ती खोल घरघर अनेकांनी ऐकली असेल. तिचा आणि माँटगोमरीच्या बसगाडीचा आजा एकच. रेल्वेला या शाखेचे मिस्त्री दारोदार शोधावे लागले नाहीत. शेड आहे, शिकाऊ माणसांच्या जागा आहेत, जुन्याच्या हाताखाली नवा देण्याची रीत आहे. बसच्या शाखेला असे घरच उरले नाही.

म्हणून आता ज्यांना ही बस चालती ठेवायची आहे त्यांना शाळा स्वतःच मांडावी लागते. एक म्हातारा उस्ताद, दोन-तीन तरुण, आणि एक मोडके इंजिन, ज्याचे बिघडले तरी कोणाचे नुकसान नाही. इंजिनाच्या कुशीची झाकणे काढून लायनरच्या भोकांतून पिस्टनच्या रिंगा पाहायच्या, काडीने दाबून त्या मोकळ्या आहेत की चिकटल्या ते ओळखायचे. हेड न उतरवता इंजिनाचे पोट पाहण्याची ही सोय शिकवण्याला फार चांगली. आम्हांस विचाराल तर या शाळेतला पहिला धडा इंजिन चालू करण्याचा असू नये, थांबवण्याचा असावा. इंजेक्टराचा एखादा दांडा भरल्या इंधनावर अडकला, किंवा ब्लोअरच्या सीलमधून तेल आत जाऊ लागले, तर इंजिन हाताबाहेर जाते. मग चावी फिरवून उपयोग नाही, फुटेपर्यंत ते पळत राहते. त्यासाठी हवेच्या वाटेवर एक झडप असते. ती खटकन पडली की इंजिन गुदमरून थांबते. पण रोज तिनेच थांबवू लागलात तर सीलमधून तेल ओढले जाते, आणि जी आपत्ती टाळायची तीच ओढवते. झडप जर पडलीच नाही, तर ब्लोअरच्या तोंडावर जाड फळी दाबायची, हात कधीही नाही. ती फळी इंजिन सुरू करण्यापूर्वीच जवळ आणून ठेवायची, आणि ती कोणी धरायची हेही आधीच ठरवायचे.