गळावरून आमिष निसटते? मांसाचे तुकडे असे तयार करा

शिंगाळा, शिवडा हे मासे मांस खातात. त्यांच्यासाठी कोंबडीचे तुकडे चालतात. रोहू-कटल्याला मात्र कणकेचा गोळाच बरा. कोंबडीच्या छातीचे मांस साधारण १ ते १.५ सेंटिमीटरचे चौकोनी कापावे. मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये झाकून ठेवावे. पाणी सुटून तुकडा घट्ट होतो, गळ फेकताना लवकर निसटत नाही. काळीज मऊ असते, ते दोऱ्याने बांधून घ्यावे. गळाचे टोक थोडे बाहेर ठेवावे.

तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यात असेल तर आधी परवानगी घ्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंड्यावर असतात, तेव्हा गळ घरीच राहू द्या. नाहीतर पुढच्या वर्षी मासा कुठून मिळणार? उरलेले मांस पाण्यात टाकू नका.