शिरगणतीतला एक रकाना

१९११ च्या शिरगणतीत अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात सुमारे साडेनऊ लाख माणसे होती. १९२१ मध्ये सुमारे सव्वासात लाखच उरली. १९१८ मध्ये पाऊस फसला, दुष्काळ पडला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात इन्फ्लुएंझाने गाठले. मुंबई इलाख्यात या साथीने दहा लाखांहून अधिक बळी घेतले. त्यांत ऐन उमेदीतली, कमावती माणसे फार.

मागे राहिलेल्यांच्या मनाचे काय झाले? त्या काळच्या शिरगणतीत आंधळे, बहिरे-मुके, महारोगी यांच्याबरोबर 'वेडे' असाही रकाना असे. पण एकाच आठवड्यात नवरा आणि पोर गमावलेल्या, रात्ररात्र डोळा न लागणाऱ्या बाईची नोंद त्यात कशी होणार? १९१२ च्या कायद्यानुसार पोलिसांनी मॅजिस्ट्रेटपुढे उभी करायची ती रस्तोरस्ती भटकणारी किंवा इतरांना धोका वाटणारी माणसे. घरात मुकाट बसणाऱ्यांना नोंदवहीच नव्हती. म्हणून नोंद नाही यावरून दुःख नव्हते असा निष्कर्ष आपल्याला काढता येत नाही.

बॉस्टनमध्ये मात्र कार्ल मेनिंजर यांनी इन्फ्लुएंझानंतर मन बिघडलेल्या शंभर रुग्णांचा अभ्यास १९१९ मध्येच प्रसिद्ध केला. कोविडच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य जगभर सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. तो करता आला, कारण या वेळी लोकांना तसे विचारले गेले होते.

नगरकडच्या एखाद्या जुन्या शाळेत १९१८-१९ चे जनरल रजिस्टर शिल्लक असेल, तर विद्यार्थ्यांसह ते जरूर उघडावे. नाव कमी झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचे कारण आणि पालकाचे बदललेले नाव, हे तीन रकाने आधी पाहावेत.