मानी येथील ग्रंथदहन आणि माया लिपीचे पुनर्वाचन

इ. स. १५६२ च्या १२ जुलै रोजी मेक्सिकोतील युकातान द्वीपकल्पात, मानी या गावी, फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक दिएगो दे लांदा याने माया लोकांच्या मूर्ती व ग्रंथ अग्नीच्या स्वाधीन केले. मूर्तिपूजेच्या आरोपावरून अनेक स्त्रीपुरुषांचा छळही झाला. लांदाची स्पेनमध्ये चौकशी झाली खरी; परंतु पुढे तो युकातानचा बिशप होऊनच परतला.

जाळलेले ग्रंथ सैतानी होते, असे समर्थन त्याने केले. ते कितपत खरे होते, हे शेष पोथ्यांवरून कळते. आज केवळ चार माया पोथ्या ज्ञात आहेत. तीन ड्रेस्डेन, माद्रिद व पॅरिस येथे आहेत; चौथी मेक्सिको शहरात असून, तिच्याविषयीच्या दीर्घ वादानंतर २०१८ मध्ये ती अस्सल ठरविण्यात आली. झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावर चुन्याचा लेप देऊन त्या लिहिल्या आहेत. ड्रेस्डेन पोथीत शुक्राच्या उदयास्तांची व ग्रहणांची कोष्टके आहेत. अर्थात, शतकानुशतकांचे आकाशनिरीक्षणही त्या अग्नीत भस्मसात झाले असले पाहिजे.

याच लांदाने १५६६ च्या सुमारास माया जीवनाचे वर्णन लिहिले व त्यात माया चिन्हांची एक ‘वर्णमाला’ दिली. त्याची एक प्रत १८६२ मध्ये माद्रिदला सापडली. १९५२ मध्ये सोव्हिएत विद्वान यूरी क्नोरोझोव यांनी दाखवून दिले की, ही चिन्हे एकेका वर्णाची नसून अवयवांची, म्हणजे ‘का’, ‘कू’ अशा उच्चारखंडांची आहेत. तेथून वाचनाचा मार्ग खुला झाला.

याचे श्रेय लांदाला द्यावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. ती चिन्हे त्याला माया माहितगारांनीच सांगितली होती. शिवाय, उच्चार कळला तरी अर्थ लावण्यास भाषा हवी. ती भाषा माया शेतकऱ्यांनी, मातांनी घरोघरी जिवंत ठेवली. आजही लक्षावधी लोक माया भाषा बोलतात. ग्वातेमालातील किचे माया लेखकांनी तर सोळाव्या शतकातच ‘पोपोल वुह’ ही आपली परंपरा रोमन लिपीत उतरवून ठेवली.

वारसा ग्रंथालयात सुरक्षित राहतो, हे अर्धसत्य होय. पोथी उरली आणि वाचणारा नाहीसा झाला, तर ती मुकी होते. मायांची पोथी सुमारे तीन शतके अशीच मुकी होती. आज माया तरुण आपली लिपी पुन्हा शिकत आहेत. मानीच्या अग्नीला याहून समर्पक उत्तर आम्हांस दिसत नाही.