पहिला तास

५ नोव्हेंबर १९०६, सोमवार. पॅरिसच्या सोर्बाँ विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे व्याख्यानगृह दुपारी एकच्या आधीच खचाखच भरले होते. विद्यार्थी होतेच, पण वृत्तपत्रांचे बातमीदार, चित्रकार आणि एरवी विज्ञानाकडे फिरकणार नाहीत अशी प्रतिष्ठित मंडळीही जागा धरून बसली होती. विद्यापीठाच्या इतिहासात प्रथमच एक स्त्री तेथे शिकविण्यासाठी उभी राहणार होती. तिचा पती त्याच वर्षी १९ एप्रिलला घोडागाडीखाली सापडून मरण पावला होता आणि त्याच्याच जागेवर तिची नेमणूक झाली होती. प्रघात असा, की नव्या अध्यापकाने पहिल्या व्याख्यानात आपल्या पूर्वसूरींचा गौरव करायचा आणि मंत्र्यांचे व विद्यापीठाचे आभार मानायचे. बाई आता काय बोलणार, डोळ्यांतले पाणी कसे आवरणार, हे पाहण्यासाठीच बरेच जण आले होते.

दीड वाजता मारी क्यूरी आत आल्या. टाळ्या थांबेपर्यंत त्या उपकरणांच्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी एकदम विषयालाच सुरुवात केली. गेल्या दहा वर्षांत वीज आणि द्रव्य यांविषयीच्या कल्पना किती बदलल्या आहेत, अशा आशयाचे पहिले वाक्य. पिएर क्यूरी यांनी आपला पाठ जेथे सोडला होता, नेमके तेथून. आभार नाहीत, शोक नाही. तास संपला तशा त्या आल्या त्या दाराने निघून गेल्या. प्रसंग पाहायला आलेल्यांची निराशा झाली की नाही, कोण जाणे. त्यांच्यामागे बसलेल्या विद्यार्थ्यांना मात्र एक गोष्ट नक्की कळली असणार: येथे माणसापेक्षा विषय मोठा आहे, आणि तो अर्धवट राहिलेला आहे.

हा प्रसंग वाचताना आम्हाला आमचा महाविद्यालयातला पहिला तास आठवतो. हजेरी झाली, तीन पुस्तकांची नावे फळ्यावर लिहिली गेली, कोणत्या प्रकरणाला किती गुण ते सांगितले गेले आणि पंचवीस मिनिटांत वर्ग सुटला. त्यात त्या प्राध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. पुढे आम्ही स्वतः शिकवायला उभे राहिलो, तेव्हा पहिली काही वर्षे आम्हीही अगदी हेच केले. पहिला तास हा तास नव्हेच, ती एक कार्यालयीन पूर्तता आहे, अशीच आपणा सर्वांची समजूत असते. विज्ञानाच्या इतिहासात मात्र या तासाने पुष्कळांची आयुष्ये वळवलेली दिसतात.

त्यांपैकी सर्वांत गाजलेला पहिला दिवस आहे तो एका माशाचा. लुई आगासी हा मूळचा स्वित्झर्लंडचा प्राणिशास्त्रज्ञ. एके काळी पृथ्वीचा मोठा भाग बर्फाखाली होता, ही हिमयुगाची कल्पना त्याने १८३७ मध्ये मांडली. १८४६ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि पुढच्याच वर्षी हार्वर्डला प्राध्यापक झाला. १८५७ च्या सुमारास सॅम्युएल स्कडर नावाचा पदवीधर तरुण त्याच्याकडे शिकायला आला. प्राणिशास्त्राच्या सगळ्याच शाखांचा पाया पक्का करायचा आहे, पण विशेष ओढ कीटकांची आहे, असे त्याने सांगितले. सुरुवात कधी करणार, असे आगासीने विचारले. आत्ताच, असे स्कडर म्हणाला. झाले! आगासीने फळीवरून एक बरणी काढली. पिवळट पडलेल्या अल्कोहोलमधला एक मासा बाहेर काढला, तो ताटलीत ठेवला आणि सांगितले, हा मासा बघ, काय दिसले ते मी नंतर विचारीन. मासा कोरडा पडू द्यायचा नाही, एवढी सूचना देऊन स्वारी निघून गेली.

मासा होता हीम्युलॉन प्रजातीचा. पाण्याबाहेर काढला की घशातले दात घासून तो गुरगुरतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर ‘करकरा’ म्हणून विकला जाणारा मासा त्याच कुळातला, आणि त्याचे नावही बहुधा त्या आवाजावरूनच पडले असावे.

स्कडरने दहा मिनिटांत माशात पाहण्यासारखे होते ते सगळे पाहून टाकले. निदान त्याला तसे वाटले. प्राध्यापकाला शोधायला गेला, तर तो संग्रहालयातून बाहेर पडला होता. अर्धा तास गेला, तास गेला. मासा किळसवाणा दिसू लागला. त्याने तो उलटा केला, बाजूने पाहिला, मागून पाहिला. भिंग वापरायची परवानगी नव्हती, दुसरे कोणतेही उपकरण नव्हते. दोन हात, दोन डोळे आणि एक मासा. शेवटी त्याने घशात बोट घालून दातांची धार पाहिली, ओळीओळीने खवले मोजू लागला, मोजता मोजता कंटाळला आणि मग त्याला सुचले, की माशाचे चित्र काढावे. काढू लागताच पूर्वी न दिसलेल्या गोष्टी दिसू लागल्या. तेवढ्यात आगासी परत आला आणि पेन्सिल हा उत्तम डोळा आहे, असे म्हणून त्याने शाबासकी दिली. पण स्कडरने कल्ले, ओठ, पापण्या नसलेले डोळे, काटेरी पर, दुभंगलेली शेपटी अशी यादी सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. सर्वांत ठळक गोष्ट तुला दिसलेलीच नाही, पुन्हा बघ!

संध्याकाळी त्याने स्कडरला माशाविना घरी पाठवले. रात्रभर आठवणीतल्या माशावर विचार कर, सकाळी मासा समोर घेण्याआधी मी विचारीन. दुसऱ्या दिवशी स्कडरने चाचरत उत्तर दिले: माशाच्या दोन्ही बाजू समान आहेत आणि अवयव जोडीजोडीने आहेत, असे तर तुम्हाला म्हणायचे नाही? आगासी खूश झाला. आता पुढे काय करू, असे विचारताच उत्तर आले, तुझा मासा बघ. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी त्याच गटातला दुसरा मासा शेजारी आला: साम्य काय, फरक काय? हीम्युलॉनांचा हा अभ्यास आठ महिने लांबला. स्कडर पुढे फुलपाखरे, नाकतोडे आणि जीवाश्म कीटक यांचा मोठा तज्ज्ञ झाला. त्या दिवसांची हकीकत त्याने १८७४ मध्ये छापली. कीटकांच्या पुढच्या अभ्यासापेक्षाही या माशाचा आपल्याला अधिक उपयोग झाला, अशी त्याची भावना होती.

ही गोष्ट शिक्षकांना नेहमी सांगितली जाते आणि नेहमी येथेच थांबवली जाते. आम्हाला ते प्रामाणिकपणाचे वाटत नाही. ज्या आगासीने शिष्यांना पाहायला शिकवले, त्याने डार्विनचा सिद्धान्त १८७३ मध्ये मरेपर्यंत स्वीकारला नाही. त्याहून वाईट म्हणजे निरनिराळे मानववंश वेगवेगळे निर्माण झाले आणि ते समान नाहीत, या मताचा त्याने हिरिरीने पुरस्कार केला. १८५० मध्ये दक्षिण कॅरोलायनातील गुलाम स्त्री-पुरुषांची विवस्त्र छायाचित्रे त्याने ‘पुरावा’ म्हणून काढवून घेतली. माशाच्या बाबतीत शिष्याने पाहिलेले अपुरे आहे, हे त्याला लगेच कळत असे. माणसांकडे पाहताना आपल्याला हवे तेच आपण पाहतो आहोत, हे त्याला कळले नाही. त्याच्या शिष्यांपैकी बहुतेकांनी पुढे उत्क्रांतिवाद मान्य केला. मासा बघ म्हणणारा माणूस जेथे स्वतः थांबला, तेथे ते थांबले नाहीत.

यावर कोणी म्हणेल, एका शिष्यासमोर मासा ठेवणे सोपे आहे, आमच्या वर्गात ऐंशी डोकी असतात. खरे आहे. आम्ही एकदा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या चाळीस मुलांना पहिल्याच तासाला भिजवलेला एकेक वाल दिला आणि अर्धा तास काहीही सांगितले नाही. पहिली दहा मिनिटे खुसपुस, हशा. मग शांतता. मग मागच्या बाकावरच्या एका मुलीने दाणा चिमटीत दाबला, तर त्याच्या डोळ्याशेजारून पाण्याचा बारीक थेंब बाहेर आला. तिने तो पुसला, पुन्हा दाबला, पुन्हा आला. बीजरंध्र हा शब्द आम्ही त्या दिवशी उच्चारलाही नाही, पण वर्षाच्या शेवटी तो कोणीही विसरलेले नव्हते. (चार मुलांनी वाल खाऊन टाकला, हेही नोंदवून ठेवतो.)

शिकवणाऱ्याची पारख मागच्या बाकावरून फार चांगली होते. मायकेल फॅरेडे १८१२ मध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवार असताना एका गिऱ्हाइकाने दिलेल्या तिकिटांवर हंफ्री डेव्हीची चार व्याख्याने ऐकायला गेला. त्यांची टिपणे त्याने स्वतः बांधून डेव्हीला पाठवली आणि त्यातूनच मार्च १८१३ मध्ये त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नोकरी मिळाली. त्यानंतर तीनच महिन्यांनी हा एकवीस वर्षांचा मदतनीस आपल्या मित्राला लांबलचक पत्रांतून व्याख्याता कसा असावा ते कळवतो. सुरुवातीलाच श्रोत्याच्या मनात ज्योत पेटवावी आणि शेवटपर्यंत ती विझू देऊ नये, तासाहून अधिक बोलू नये, असा त्याचा आग्रह. वयाच्या ६९ व्या वर्षी, १८६० च्या नाताळात, मुलांसमोर मेणबत्तीवर बोलताना त्याने तो पाळला. पहिल्याच व्याख्यानात मेणबत्ती हळूच विझवून, वातीतून उठणाऱ्या धुरापाशी दोन-तीन इंच अंतरावर जळती काडी धरून त्याने दाखवले, की ज्वाला हवेतून धावत वातीपर्यंत जाते. म्हणजे जळते ती वात नव्हे, वाफ. वर्गात वारा नसेल तर हा प्रयोग कोणालाही जमेल.

याच्या अगदी उलट वाट रिचर्ड फाइनमन यांची. कॅल्टेकमध्ये त्यांना वेगळीच अडचण दिसली होती. सापेक्षता आणि पुंजवाद यांच्या गोष्टी ऐकून हुशार मुले पदार्थविज्ञानाकडे येत आणि पहिली दोन वर्षे उतरणी आणि स्थितिक विद्युत यांतच काढून त्यांचा उत्साह मावळे. १९६१ च्या शरदात सुमारे १८० विद्यार्थ्यांपुढे त्यांनी पहिल्याच दिवशी अणू काढला. पाव इंचाचा पाण्याचा थेंब दोन हजार पट मोठा करा: चाळीस फुटांचा थेंब, त्यात पोहणारे सूक्ष्मजीव. आणखी दोन हजार पट: पंधरा मैलांचा थेंब, आत काहीतरी वळवळते आहे. आणखी अडीचशे पट: रेणू. त्याच चित्रातून मग बर्फ, वाफ, मिठाचे विरघळणे. गणिताचे एकही समीकरण न मांडता एवढे साधले. तरी दोन वर्षांनंतर पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनीच लिहून ठेवले, की विद्यार्थ्यांच्या दृष्टीने आपण फारसे यशस्वी झालो असे वाटत नाही. डझन-दोन डझन मुलांना जवळजवळ सगळे समजले, बाकीच्यांचे परीक्षेतले उत्तर काही वेगळेच सांगत होते. पहिल्या तासाच्या टाळ्यांवर समाधान न मानता वर्षअखेरच्या उत्तरपत्रिकांकडे पाहणारा हा माणूस आम्हाला त्याच्या थेंबाइतकाच आवडतो.

पुन्हा मारी क्यूरींकडे येऊ. सोर्बाँमधील त्या व्याख्यानानंतर थोड्याच महिन्यांनी, १९०७ मध्ये, त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या मुलांसाठी एक छोटा वर्ग सुरू केला. झाँ पेरँ रसायन शिकवीत, पॉल लांजव्हाँ गणित, मारीबाई पदार्थविज्ञान. इझाबेल शावान या मुलीने टिपून ठेवलेले त्यांचे पाठ पुढे जवळपास शंभर वर्षांनी, २००३ मध्ये छापले गेले. पहिला पाठ आहे हवा आणि निर्वात यांतला फरक ओळखण्याचा. येथेही प्रस्तावना नाही.

याच वर्गात एकदा त्यांनी विचारले, भांड्यातले कढत पाणी गरम राहावे म्हणून काय कराल? प्राध्यापकांचीच मुले ती. एकाने भांडे लोकरीत गुंडाळायला सांगितले, कोणी उष्णतारोधनाच्या आणखी सूक्ष्म युक्त्या सुचवल्या. मारीबाई हसल्या आणि म्हणाल्या, मी असते तर आधी झाकण ठेवले असते.