पत्ता म्हणजे ओळख नव्हे
१९९८ साली आलेल्या एक्सएमएल या मजकूर-खुणांकनाच्या भाषेचा पायाच युनिकोड होता, त्यामुळे देवनागरी मजकूर त्यात पहिल्यापासून मावत होता; तो वेगळा ओळखण्याचे साधन मात्र उशिरा आले. एक्सएमएलचे रूपांतर करणाऱ्या १९९९च्या एक्सएसएलटी १.०मध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनची, म्हणजे नमुना देऊन मजकूर शोधण्याची, सोय नव्हती. म्हणून ‘ट्रान्सलेट’ फंक्शनने माहीत असलेली लॅटिन अक्षरे गाळायची आणि उरेल ते परके मानायचे, अशी चाळणी लावावी लागे. २००७च्या २.० आवृत्तीत युनिकोडचे विभाग नावानिशी तपासता येऊ लागले. मग प्रश्न मिटलाच, असे कोणी म्हणेल. पण विभाग हा अक्षराचा पत्ता असतो, लिपी नव्हे. देवनागरी विभागातला दंड (।) बंगालीतही चालतो; उलट पायाभूत लॅटिन विभागाबाहेरचे सारे परके धरले, तर फ्रेंचमधली स्वरचिन्हे असलेली अक्षरेही परकी ठरतात. चाळणी बारीक झाली, तरी काय गाळायचे हे माणसालाच ठरवावे लागते.