न्यूझीलंडमधील १९९६ ची सार्वत्रिक निवडणूक आणि मिश्र मतदान पद्धती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

लोकशाहीमध्ये प्रत्येक मत मोजले जाते. परंतु मोजलेल्या प्रत्येक मताला विधिमंडळात स्थान मिळतेच असे नाही. मतांचे जागांमध्ये रूपांतर कोणत्या रीतीने करावयाचे यावर सत्तेचे वाटप अवलंबून असते. म्हणूनच निवडणूक पद्धतीचा इतिहास हा केवळ नियमांचा इतिहास नसून तो सत्ताधारी व मतदार यांच्यातील परस्परविश्वासाचाही इतिहास असतो.

या दृष्टीने १२ ऑक्टोबर १९९६ रोजी न्यूझीलंडमध्ये झालेली सार्वत्रिक निवडणूक विशेष अभ्यासनीय ठरते. युद्ध, क्रांती किंवा फाळणी यांसारखे कोणतेही संकट ओढवलेले नसताना, ब्रिटिश संसदीय परंपरेत वाढलेल्या या देशाने जनतेच्या कौलाने आपली निवडणूक पद्धती मुळापासून बदलली आणि मिश्र मतदान पद्धतीने पहिली राष्ट्रीय निवडणूक घेतली. १८९३ मध्ये स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मताधिकार देणाऱ्या या देशाचा हा दुसरा मोठा प्रयोग होय. तो का करावा लागला आणि त्यातून काय साधले, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१) न्यूझीलंडमधील निवडणूक सुधारणेची ऐतिहासिक पार्श्वभूमी अभ्यासणे.
२) १९९६ च्या निकालाच्या आधारे मिश्र पद्धतीच्या कार्यवाहीचे विश्लेषण करणे.
३) माओरी समाजाच्या राखीव जागांचा प्रश्न व सरकार स्थापनेचा प्रश्न यांच्या संदर्भात या पद्धतीचे यश व मर्यादा तपासणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून दुय्यम साधनांचा आधार घेतला आहे.

सुधारणेची पार्श्वभूमी

१९९३ पर्यंत न्यूझीलंडमध्ये भारताप्रमाणेच एका मतदारसंघातून सर्वाधिक मते मिळविणारा उमेदवार निवडून येत असे. नॅशनल व लेबर हे दोन पक्ष आलटून पालटून सत्तेवर येत. या व्यवस्थेतील विसंगती १९७८ मध्ये ठळकपणे समोर आली. त्या वर्षी लेबर पक्षाला ४०.४ टक्के, तर नॅशनल पक्षाला ३९.८ टक्के मते मिळाली. तथापि ९२ पैकी ५१ जागा नॅशनल पक्षाकडे आणि अवघ्या ४० जागा लेबरकडे गेल्या. १९८१ मध्ये याचीच पुनरावृत्ती झाली. लेबरला किंचित अधिक मते मिळूनही नॅशनल पक्षाने ४७ जागांसह सत्ता राखली. त्याच निवडणुकीत सोशल क्रेडिट या पक्षाला २०.७ टक्के मते मिळाली आणि जागा मिळाल्या केवळ दोन! पाचातील एका मतदाराची इच्छा संसदेच्या दाराशीच अडून राहिली, असेच याचे वर्णन करावे लागेल.

या विसंगतीला न्यूझीलंडच्या राज्यव्यवस्थेमुळे अधिक धार आली. वरिष्ठ सभागृह १९५० च्या कायद्याने रद्द झालेले होते. संसदेच्या कायद्यांवर वचक ठेवणारी एकसंध लिखित राज्यघटनाही नव्हती. त्यामुळे सभागृहात बहुमत असलेल्या मंत्रिमंडळाला अडविणारी कोणतीही भक्कम यंत्रणा अस्तित्वात नव्हती. १९८४ मध्ये सत्तेवर आलेल्या लेबर सरकारने न्यायमूर्ती जॉन वॉलेस यांच्या अध्यक्षतेखाली निवडणूक पद्धतीविषयी शाही आयोग नेमला. या आयोगाने १९८६ च्या अहवालात जर्मनीच्या धर्तीवर मिश्र सदस्य प्रमाणशीर पद्धती स्वीकारण्याची शिफारस केली.

शिफारस झाली, पण दोन्ही प्रमुख पक्षांतील अनेक नेत्यांना ती मानवणारी नव्हती. १९८७ च्या प्रचारात पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांनी दूरचित्रवाणीवरील वादचर्चेत सार्वमताचे आश्वासन दिले. परंतु पुन्हा सत्तेवर येऊनही त्यांच्या पक्षाने ते पाळले नाही. अहवाल कपाटात पडून राहण्याची चिन्हे होती. त्याला संजीवनी मिळाली ती आर्थिक धोरणांविरुद्धच्या असंतोषातून. अर्थमंत्री रॉजर डग्लस यांनी राबविलेले खुलेकरण व सरकारी उद्योगांची विक्री हे लेबरच्या पारंपरिक मतदाराला अनपेक्षित होते. १९९० मध्ये त्याने सत्तापालट घडवून आणला. तेव्हा सुमारे ४८ टक्के मतांवर ९७ पैकी ६७ जागा मिळविलेल्या नॅशनल पक्षाने तेच धोरण अधिक वेगाने पुढे नेले. अर्थमंत्री रूथ रिचर्डसन यांच्या काळात सामाजिक साहाय्याच्या रकमांत कपात झाली. सरकार बदलले तरी धोरण बदलत नाही, हा अनुभव मतदाराला दोनदा आला.

तात्पर्य, निवडणूक सुधारणेचा युक्तिवाद आयोगाने गणिताच्या आधारे मांडला असला, तरी तिला बळ मिळाले ते विश्वासभंगाच्या जाणिवेतून. १९ सप्टेंबर १९९२ च्या सल्लादर्शक सार्वमतात ८४.७ टक्के मतदारांनी बदलाच्या बाजूने कौल दिला आणि पर्यायांपैकी मिश्र पद्धतीला ७०.५ टक्के पसंती मिळाली. ६ नोव्हेंबर १९९३ रोजी सार्वत्रिक निवडणुकीसोबत बंधनकारक सार्वमत झाले. दरम्यान उद्योगजगतातील काही धुरीणांनी बदलाविरुद्ध खर्चिक प्रचारमोहीम राबविली होती. तरीही ५३.९ टक्के मतदारांनी नव्या पद्धतीचा स्वीकार केला. त्याच दिवशी जुन्या पद्धतीने झालेल्या अखेरच्या निवडणुकीत अलायन्स या आघाडीला १८.२ टक्के मते व ९९ पैकी अवघ्या दोन जागा मिळाल्या, हा योगायोग बोलका आहे.

नव्या पद्धतीचे स्वरूप

नव्या व्यवस्थेत प्रत्येक मतदाराला दोन मते मिळाली. पहिले पक्षाला आणि दुसरे आपल्या मतदारसंघातील उमेदवाराला. १२० जागांपैकी ६५ मतदारसंघांतून, तर ५५ पक्षांच्या यादीतून भरावयाच्या होत्या. सभागृहातील पक्षाचे एकूण बळ मात्र पक्षमतावरूनच ठरणार होते. उदाहरणार्थ, १९९६ मध्ये अलायन्सला १०.१ टक्के पक्षमतांच्या आधारे १३ जागा देय होत्या. मतदारसंघातून तिचा एकच उमेदवार विजयी झाला. उर्वरित १२ जागा यादीतून भरण्यात आल्या. यादीतील जागा ही मतदारसंघातील जागांमध्ये घातलेली निव्वळ भर नसून ती असमतोल दूर करणारी भरपाई आहे, हे या पद्धतीचे मर्म होय.

प्रमाणशीर वाटपात सहभागी होण्यासाठी पक्षाला ५ टक्के पक्षमते किंवा किमान एक मतदारसंघ जिंकणे आवश्यक करण्यात आले. येथे एक बाब लक्षणीय आहे. आयोगाने किमान मर्यादा ४ टक्के सुचविली होती. १९९३ च्या कायद्याने ती ५ टक्के केली.

१९९६ चा निकाल

या निवडणुकीतील पक्षनिहाय निकाल पुढीलप्रमाणे होता :

नॅशनल : मते ३३.९ टक्के, जागा ४४ (मतदारसंघ ३०, यादी १४)
लेबर : मते २८.२ टक्के, जागा ३७ (मतदारसंघ २६, यादी ११)
न्यूझीलंड फर्स्ट : मते १३.४ टक्के, जागा १७ (मतदारसंघ ६, यादी ११)
अलायन्स : मते १०.१ टक्के, जागा १३ (मतदारसंघ १, यादी १२)
अ‍ॅक्ट : मते ६.१ टक्के, जागा ८ (मतदारसंघ १, यादी ७)
युनायटेड : मते ०.९ टक्के, जागा १ (मतदारसंघ १)

मतांचे प्रमाण व जागांचे प्रमाण यांतील अंतर वरीलपैकी कोणत्याही पक्षाच्या बाबतीत तीन टक्क्यांपेक्षा अधिक नाही. १९७८ किंवा १९९३ च्या निकालाशी तुलना करता हा बदल मूलगामी म्हणावा लागेल. सभागृहातील स्त्री सदस्यांची संख्या २१ वरून ३५ वर गेली. आशियाई वंशाच्या पॅन्सी वाँग या सदस्याही प्रथमच संसदेत पोहोचल्या.

तथापि, नवी पद्धतीही निर्दोष नव्हती. ख्रिश्चन कोअ‍ॅलिशन या आघाडीला ४.३ टक्के मते मिळूनही एकही जागा मिळाली नाही. आयोगाची ४ टक्क्यांची शिफारस कायम राहिली असती तर ती संसदेत पोहोचली असती. याउलट ०.९ टक्के मते मिळविणाऱ्या युनायटेड पक्षाचे पीटर डन आपल्या मतदारसंघाच्या बळावर निवडून आले. सुमारे साडेसात टक्के मते कोणत्याही प्रतिनिधित्वाविना राहिली.

माओरी जागांचा प्रश्न

न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी समाजासाठी १८६७ पासून संसदेत चार स्वतंत्र जागा होत्या. या जागांसाठी फक्त माओरी मतदारयादीतील मतदारच मत देतात. म्हणजेच ते स्वतंत्र मतदारसंघ आहेत. समाजाची संख्या वाढूनही जागा दीर्घकाळ चारच राहिल्या. प्रमाणशीर पद्धतीत सर्वच पक्षांना माओरी मतांची गरज भासेल, म्हणून या जागा रद्द कराव्यात, असे वॉलेस आयोगाने सुचविले होते. माओरी समाजाने त्यास ठाम विरोध केला. परिणामी, जागा राहिल्याच. शिवाय त्यांची संख्या माओरी मतदारयादीतील नोंदणीशी जोडण्यात आली. १९९६ मध्ये त्या पाच झाल्या आणि २००२ पासून सात.

येथे महाराष्ट्रातील वाचकास २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना स्वतंत्र मतदारसंघांची मागणी सोडून संयुक्त मतदारसंघांतील राखीव जागा स्वीकाराव्या लागल्या. दोन्ही समाजांचा इतिहास भिन्न आहे; परंतु 'आमचा प्रतिनिधी कोणाच्या मतांनी निवडला जावा?' हा प्रश्न एकच आहे. बहुसंख्याकांच्या मतांवर निवडून आलेला प्रतिनिधी आपल्या समाजाला कितपत बांधील राहतो, ही शंका येरवड्यात होती तशीच वेलिंग्टनमध्येही होती. पक्षयादीतील स्थान पक्षश्रेष्ठींच्या हाती असते, तर स्वतंत्र जागा समाजाच्या हाती असते, हा भेद माओरी नेतृत्वाने नेमका ओळखला होता.

त्या जागांचे महत्त्व निकालातही दिसून आले. १९४३ पासून अर्धशतक चारही माओरी जागा लेबर पक्षाकडे होत्या. १९९३ मध्ये त्यांतील एक न्यूझीलंड फर्स्टने घेतली आणि १९९६ मध्ये पाचही जागा त्या पक्षाने जिंकल्या. १९९९ मध्ये सहाही माओरी जागांवर पुन्हा लेबर विजयी झाला. गृहीत धरलेला मतदार पक्षाला धडा शिकवू शकतो, हे यातून स्पष्ट होते.

सरकार स्थापना व मतदाराचा भ्रमनिरास

१२० सदस्यांच्या सभागृहात बहुमतासाठी ६१ जागा आवश्यक होत्या. नॅशनल व न्यूझीलंड फर्स्ट यांची बेरीज नेमकी ६१ होत होती. दुसरीकडे लेबर, न्यूझीलंड फर्स्ट व अलायन्स मिळून ६७ होत होते. अर्थात, निर्णय न्यूझीलंड फर्स्टचे नेते विन्स्टन पीटर्स यांच्या हाती आला. ते पूर्वी नॅशनल पक्षाचे मंत्री होते. पक्षाशी मतभेद होऊन बाहेर पडल्यानंतर १९९३ मध्ये त्यांनी आपला पक्ष स्थापन केला आणि प्रचारात नॅशनल सरकारवर कठोर टीका केली. सुमारे दोन महिने दोन्ही बाजूंशी वाटाघाटी केल्यानंतर डिसेंबरमध्ये त्यांनी त्याच नॅशनल पक्षाशी हातमिळवणी केली. जिम बोल्जर पंतप्रधानपदी राहिले. पीटर्स उपपंतप्रधान व कोषप्रमुख झाले.

सत्तांतरासाठी मत दिलेल्या अनेकांना, विशेषतः माओरी मतदारांना, हा निर्णय फसवणुकीसारखा वाटला. डिसेंबर १९९७ मध्ये पक्षांतर्गत हालचालींतून बोल्जर यांच्या जागी जेनी शिप्ली पंतप्रधान झाल्या. ऑगस्ट १९९८ मध्ये वेलिंग्टन विमानतळातील सरकारी भागभांडवलाच्या विक्रीवरून आघाडी फुटली. न्यूझीलंड फर्स्टचे काही सदस्य पक्ष सोडून सरकारसोबत राहिले. अशा पक्षांतराला तेथे 'वाका' म्हणजे माओरी नाव बदलणे असे म्हटले जाते. पक्षाच्या यादीवरून निवडून आलेल्या सदस्याने पक्ष सोडल्यास जागा कोणाची, हा प्रश्न त्यातून निर्माण झाला व २००१ मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा करावा लागला. १९८५ मध्ये दहावे परिशिष्ट स्वीकारणाऱ्या भारतास हा प्रश्न अपरिचित नाही.

भारतीय संदर्भ

भारताच्या संविधान सभेत जानेवारी १९४९ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची सूचना आली असता डॉ. आंबेडकरांनी तीस विरोध केला. साक्षरतेचे अल्प प्रमाण आणि लहान गटांत विभागलेल्या सभागृहामुळे स्थिर सरकारास निर्माण होणारा धोका ही त्यांची प्रमुख कारणे होती. पुढे विधी आयोगाने १९९९ च्या १७० व्या अहवालात लोकसभेच्या जागा २५ टक्क्यांनी वाढवून त्या यादी पद्धतीने भरण्याचा विचार मांडला. तो प्रत्यक्षात आला नाही. न्यूझीलंडमधील १९९६ ते १९९९ या काळाकडे पाहता आंबेडकरांची अस्थैर्याविषयीची भीती निराधार नव्हती, असे म्हणता येईल. परंतु त्यापुढील इतिहास वेगळे सांगतो. तेथील पक्ष आघाडीचे राजकारण शिकले. २०११ च्या सार्वमतात ५७.८ टक्के मतदारांनी हीच पद्धती कायम ठेवली. २०२० मध्ये तर याच पद्धतीने लेबर पक्षास १२० पैकी ६५ जागांचे स्वबळावर बहुमत मिळाले.

निष्कर्ष

१) न्यूझीलंडमधील सुधारणेमागे केवळ मतमोजणीतील विसंगती नव्हती. एकाच पक्षाच्या हाती एकवटलेल्या अनिर्बंध सत्तेविषयीचा व मोडलेल्या आश्वासनांविषयीचा रोष तिच्या मुळाशी होता.
२) १९९६ च्या निवडणुकीने मते व जागा यांतील अंतर मोठ्या प्रमाणात कमी केले, मात्र किमान मतमर्यादेने काही मतदार वंचितच राहिले.
३) प्रमाणशीर पद्धती ही अल्पसंख्य समाजाच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाला आपोआप पर्याय ठरत नाही, हे माओरी जागांच्या इतिहासावरून दिसते.
४) ही पद्धती मतमोजणीचा न्याय देते, सत्तावाटपाचा न्याय निवडणुकीनंतरच्या पक्षीय व्यवहारावर अवलंबून राहतो.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. १९९६ मध्ये न्यूझीलंडच्या मतदाराचे मत पूर्वीपेक्षा अधिक प्रामाणिकपणे मोजले गेले. परंतु त्या मताचे पुढे काय झाले ते बंद खोलीतील वाटाघाटींनी ठरविले. असे असूनही पंधरा वर्षांनी त्याने ही पद्धती टाकून दिली नाही. आपले मत वाया जाण्यापेक्षा आपल्या प्रतिनिधीला जाब विचारता येणे त्याला अधिक मोलाचे वाटले असावे. निवडणूक पद्धती बदलू इच्छिणाऱ्या कोणत्याही लोकशाहीने या अनुभवाच्या दोन्ही बाजू ध्यानात घेणे अगत्याचे आहे.